नफ्सचा जमाखर्च : इमाम गझाली (रह.) यांचे जीवन



मुहर्रमचा चंद्र दिसतो आणि हिजरी सन एकाने पुढे सरकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मक्केहून मदीनेस झालेल्या हिजरतीपासून वर्षे मोजण्याची पद्धत हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ठरली. मुसलमानांच्या कालगणनेचा आरंभ कोणाच्या जन्मापासून किंवा विजयापासून न धरता अल्लाहसाठी घर सोडण्याच्या घटनेपासून धरला गेला, ही गोष्ट दर नव्या वर्षी आठवण्याजोगी आहे. चंद्राचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान. शाळेच्या दाखल्यावर ज्याची चाळिशी नुकतीच पूर्ण झाली आहे, त्याचे चंद्राच्या हिशेबाने एक्केचाळिसावे वर्षही उलटून गेलेले असते. आपण समजतो त्यापेक्षा आपले वय नेहमीच थोडे अधिक असते.

आमच्या लाखांदूर तालुक्यात वर्षाचा हिशेब धानावर होतो. रोवणी आटोपते, कापणीनंतर बांधीत पुंजणे लागतात, मळणी होते, धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते, आणि चुकारे हाती पडेपर्यंत शेतकरी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करीत राहतो : बियाणे इतके, खत इतके, रोवणीची मजुरी इतकी, तुडतुड्याने नेले ते इतके. किराणा दुकानदार उधारीची वही रोज रात्री मिटवण्यापूर्वी चाळतो. बचत गटातील भगिनी महिन्याच्या महिन्याला नोंदवही तपासतात आणि दहा रुपयांचा फरक लागला तरी उठत नाहीत. अशा हिशेबी घरांतही वर्षभराच्या नमाजांचा, वर्षभर बोललेल्या शब्दांचा, दुखावलेल्या माणसांचा आणि न फेडलेल्या हक्कांचा फरक किती निघाला, हे सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. स्वतःला तर मुळीच नाही.

स्वतःला असे विचारण्याला इस्लामी परिभाषेत मुहासबा म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटावा असा नाही. आपण रोज वापरतो तो हिशेब हा शब्द याच अरबी धातूपासून आला आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख, इतकेच काय, नफा हा शब्ददेखील अरबी-फारसीतूनच मराठीच्या वहीत येऊन बसला आहे. (तोटा तेवढा अरबी नाही!) पवित्र कुरआनच्या सूरह हश्रमधील अठराव्या आयतीत ईमान राखणाऱ्यांना असा आदेश आहे की, प्रत्येकाने उद्यासाठी आपण पुढे काय पाठवले आहे ते पाहावे. उम्मतच्या थोर विद्वानांनी मुहासब्याचा पाया या आयतीत पाहिला. ज्यांनी त्यावर सविस्तर लिहिले, आणि लिहिण्याआधी ज्यांनी तो स्वतःवर करून पाहिला, अशा एका महापुरुषाचे जीवन आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे. ते म्हणजे हुज्जतुल इस्लाम इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली, रहमतुल्लाह अलैह.

इमाम साहेबांचा जन्म हिजरी सन ४५० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १०५८ मध्ये, खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. आजच्या नकाशावर हा भाग इराणच्या ईशान्येस, मशहद शहराजवळ येतो. त्यांचे वडील लोकर कातून विकत, असे चरित्रकार सांगतात. स्वतः निरक्षर असूनही ते विद्वानांच्या बैठकींत जाऊन बसत, आणि आपल्या मुलांना हे ज्ञान मिळावे अशी दुआ मागत. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन लहान मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले आणि जवळ होती ती थोडी पुंजी त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती पुंजी लवकरच संपली. मित्रही गरीबच होता. त्याने मुलांना सरळ सांगितले की आता मदरशात नाव घाला, तेथे निदान दोन वेळचे जेवण मिळेल. पुढे मोठेपणी इमाम साहेब हे लपवीत नसत. आपण ज्ञानाकडे वळलो ते अल्लाहसाठी नव्हे, पोटासाठी वळलो होतो, परंतु ज्ञानाने अल्लाहशिवाय इतर कोणासाठी असण्यास नकार दिला, अशा आशयाची कबुली त्यांच्या नावावर नोंदलेली आहे. आजही आपल्या गावांतून कित्येक मुले मदरशाच्या वसतिगृहात येतात ती याच वाटेने. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

शिक्षणाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. तूस येथे प्राथमिक फिक्ह शिकून ते जुर्जानला गेले. परतताना वाटमाऱ्यांनी काफिल्याला लुटले आणि इमाम साहेबांच्या टिपणांची पिशवीही नेली. तरुण गझाली त्या टोळीच्या म्होरक्यामागे गेले आणि बाकी सर्व घे, पण माझे ज्ञान परत दे, अशी त्यांनी विनवणी केली. पिशवी गेली की जे जाते ते कसले ज्ञान, असे म्हणून तो हसला, पण पिशवी त्याने परत केली. घरी आल्यावर इमाम साहेबांनी तीन वर्षे घालवून ती सारी टिपणे पाठ केली. एका दरोडेखोराचा टोमणा त्यांनी उस्तादाच्या धड्यासारखा घेतला. त्यानंतर नैशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे उस्ताद त्यांना लाभले. हिजरी ४७८ मध्ये जुवैनी यांचे निधन झाले आणि इमाम साहेब सल्जूक साम्राज्याचे वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारी विद्वानांत दाखल झाले. वादविवादात त्यांच्यापुढे कोणी टिकेना. हिजरी ४८४ (इ. स. १०९१) मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. वय होते अवघे चौतीस.

वाचकहो, त्या काळच्या बगदादमध्ये हे पद म्हणजे काय होते याची कल्पना करा. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. खलीफांच्या दरबारात त्यांना मान होता, वजीर त्यांचा सल्ला घेत, फतव्यांसाठी दूरदूरच्या प्रदेशांतून पत्रे येत. ते बगदादमध्ये आले तेव्हा तेथील एका विद्वानाने त्यांचा पोशाख आणि वाहन यांची किंमत पाचशे दीनार ठरवली होती, अशी नोंद आहे. ही पाचशेची रक्कम लक्षात असू द्या, कारण त्याच माणसाने काही वर्षांनी पुन्हा एकदा मोजणी केली.

या वैभवाच्या आतून मात्र जमीन खचत होती. इमाम साहेब बगदादला येऊन दुसरे वर्ष चालू असतानाच निजामुल मुल्क यांची हत्या झाली आणि सुमारे महिन्याभराने सुलतान मलिकशाहदेखील मरण पावला. ज्यांच्या दारात सकाळी गर्दी असे त्यांची नावे संध्याकाळी कोणी घेत नाही, हे इमाम साहेबांनी जवळून पाहिले. त्याच सुमारास ते सूफी बुजुर्गांचे ग्रंथ वाचू लागले. त्यांत अबू तालिब मक्की यांचे लेखन होते आणि हारिस अल-मुहासिबी यांचेही होते. मुहासिबी हे नाव त्यांना स्वतःचा सतत हिशेब घेण्याच्या सवयीवरून पडले होते. ग्रंथ समजणे इमाम साहेबांना अवघड नव्हते. परंतु वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, या वाटेवर जे हवे ते वाचून मिळत नाही. आरोग्याची व्याख्या पाठ असणे आणि निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्य आजारी पडला तर त्याला व्याख्या, कारणे आणि औषधे सारे ठाऊक असते, नसते ते फक्त आरोग्य.

मग त्यांनी आपला जमाखर्च मांडावयास घेतला. ही जागा या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. मुहासबा म्हटले की आपण सहसा पापांची यादी काढू लागतो. इमाम साहेबांनी सुरुवात आपल्या सर्वोत्तम कामापासून केली. त्यांच्या सर्व कामांत अध्यापन हे श्रेष्ठ होते. दीनचे ज्ञान शिकवणे यापेक्षा मोठे पुण्यकर्म कोणते? त्यांनी तेच उलटून पाहिले. आपण शिकवीत असलेल्या विद्यांपैकी बऱ्याचशा आखिरतच्या वाटेवर उपयोगाच्या नाहीत, असे त्यांना दिसले. त्यानंतर निय्यत तपासली. शिकवण्यामागे आपला हेतू निखळ अल्लाहसाठी नसून नावलौकिक आणि प्रतिष्ठा हाच आपल्याला ढकलणारा आहे, असा निकाल त्यांच्या हाती आला. पूर आलेल्या नदीच्या आतून पोखरलेल्या दरडीवर आपण उभे आहोत, आणि वेळीच पाऊल मागे घेतले नाही तर सरळ आगीत कोसळू, अशी त्यांची खात्री झाली. पावसाळ्यात वैनगंगेचा काठ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भीती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. वरून गवत हिरवे असते, माती खालून गेलेली असते.

निकाल लागला, पण अंमल होईना. सकाळी ठरवावे की हे सारे सोडून जायचे आणि संध्याकाळपर्यंत मनाच्या वासनांनी हल्ला करून तो निश्चय मोडून टाकावा, असे चालले. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. नफ्स त्यांना सांगे की ही मनाची क्षणिक अवस्था आहे, लवकर जाईल. असे निर्वेध पद पुन्हा मिळणार नाही. सोडलेस तर उद्या पश्चात्ताप होईल. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात (इ. स. १०९५ चा जुलै) ही ओढाताण सुरू झाली आणि सुमारे सहा महिने चालली. ज्या विद्वानाच्या युक्तिवादापुढे भलेभले निरुत्तर होत, तो सहा महिने स्वतःच्या नफ्सशी वाद घालीत होता आणि हरत होता. वाचकहो, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात केलेला निश्चय दुसऱ्या आठवड्यात ढासळला म्हणून जे निराश होतात, त्यांनी या सहा महिन्यांचा विचार करावा.

शेवटी गोष्ट इच्छेच्या हातातून गेली. एके दिवशी ते विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी शिकवावयास बसले आणि जीभ उचलेना. एक शब्दही निघेना. त्या दुःखाने अन्नपाणी सुटले, घोट गिळवेना, घास पचेना. हकीमांनी तपासून हात टेकले; हे दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. आपली शक्ती संपली हे पाहून इमाम साहेब असहाय माणसाप्रमाणे अल्लाहकडे वळले, आणि जे सहा महिन्यांत जमले नव्हते ते सोपे झाले. पद, धन, मुलेबाळे, मित्र यांच्यापासून मन मोकळे झाले.

लोकांना त्यांनी सांगितले की आपण मक्केला जात आहोत. मनात शाम देशी जाऊन राहण्याचा बेत होता. परंतु खलीफा आणि मित्र अडवतील म्हणून तो उघड केला नाही. जवळचे धन वाटून टाकले आणि मुलांच्या गरजेपुरते राखून ठेवले. त्यामागील विचारही त्यांनी लिहून ठेवला आहे : इराकचे उत्पन्न मुसलमानांच्या हितासाठी वक्फ असल्याने विद्वानाने कुटुंबासाठी घ्यावे असे त्याहून योग्य धन दुसरे नाही. घर सोडणाऱ्या पुरुषाने आधी घराच्या पोटाची तजवीज केली, हे विसरू नका. मुहासब्याच्या नावाखाली बायकामुलांना वाऱ्यावर सोडण्यास हे उदाहरण कोणी वापरू नये. त्यांच्या जाण्याबद्दल बगदादमध्ये तर्क सुरू झाले. दूरच्यांना वाटले की सरकारची भीती असेल. जवळच्यांनी सरकारी माणसे त्यांची मनधरणी करताना पाहिली होती, म्हणून त्यांनी ठरवले की दृष्ट लागली. प्रतिष्ठा हीच दीनमधील सर्वोच्च पायरी आहे असे समजणाऱ्यांना याहून वेगळे कारण सुचणे कठीणच होते. जिल्काद महिन्यात त्यांनी बगदाद सोडले. धाकटे बंधू अहमद त्यांच्या जागी शिकवू लागले.

दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनाऱ्यात ते दिवसभर दार लावून बसत. तेथून बैतुल मक्दिसला गेले आणि सखऱ्याच्या घुमटाखाली तसेच दार लावून इबादत करीत राहिले. पुढे अल-खलील येथे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मजारीजवळ त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या : कोणत्याही सुलतानाच्या दरबारात जाणार नाही, सुलतानाचे धन घेणार नाही, आणि वादविवाद करणार नाही. या तीन गोष्टी कोणत्या आहेत ते पाहा. बगदादमध्ये ज्यांच्या बळावर त्यांचे मोठेपण उभे होते, नेमक्या त्याच. हिशेबात जेथे तूट निघाली तेथेच त्यांनी बांध घातला. सरसकट चांगला माणूस होण्याचा संकल्प त्यांनी केला नाही. हज करून आल्यावर मुलांच्या हाकेने त्यांना घराकडे ओढले. वाटेत बगदादला थांबले तेव्हा त्या जुन्या ओळखीच्या विद्वानाने पुन्हा त्यांच्या अंगावरील कपड्यांची किंमत केली. ती पंधरा कीरात भरली. कीरात म्हणजे दीनारचा लहानसा भाग. पंधरा कीरातांचा पुरता एक दीनारही होत नाही.

याच भटकंतीच्या आणि एकांताच्या वर्षांत इह्या उलूमुद्दीन हा त्यांचा महाग्रंथ आकारास आला. चार भाग, प्रत्येकात दहा, असे एकूण चाळीस खंड. त्यातील अडतिसावा खंड मुराकबा आणि मुहासबा यांवर आहे. आपल्या मदरशांतील उर्दू वाचणारे तो मौलाना मुहम्मद अहसन नानोतवी यांच्या मजाकुल आरिफीन या अनुवादातून वाचत आले आहेत. या ग्रंथात काही दुर्बल हदीसा आल्या आहेत हे खरे, हाफिज इराकी (रह.) यांनी त्या एकेक तपासून दाखवल्या आहेत, आणि वाचताना ती तपासणी सोबत ठेवावी. त्याने या खंडाचे मोल कमी होत नाही.

इमाम साहेब येथे सरळ बाजाराची भाषा वापरतात. माणसाची बुद्धी ही व्यापारी आणि नफ्स हा तिचा भागीदार. भांडवल म्हणजे आयुष्य. भागीदाराच्या हाती भांडवल देताना शहाणा व्यापारी काय करतो? आधी करार करतो, मग नजर ठेवतो, मग हिशेब घेतो, तूट आली तर दंड करतो. सकाळी फज्रनंतर थोडा वेळ बसून नफ्सशी करार करावा की आज हे डोळे, ही जीभ, हे कान, हे पोट तुझ्या ताब्यात देत आहे, माल जपून वापर. दिवसभर नजर ठेवावी. रात्री हिशेब घ्यावा. फर्ज हे मुद्दल, नफिल इबादत हा नफा, आणि पाप हा तोटा. आधी मुद्दल तपासायचे. रमजानमध्ये नफिल नमाजांची मोजदाद ठेवणाऱ्या, पण वर्षभराच्या कजा नमाजांचा आकडा ठाऊक नसलेल्या माणसाची वही इमाम साहेबांनी पहिल्याच पानावर थांबवली असती. मजुराची थकवलेली मजुरी, बहिणीचा न दिलेला वारसा हक्क, हेही फर्जच्याच रकान्यात येते.

ते आणखी एक चित्र रंगवतात. दिवसरात्रीचे चोवीस तास म्हणजे चोवीस बंद पेट्या. कयामतच्या दिवशी त्या एकेक उघडल्या जातील. सत्कर्मात गेलेल्या तासाची पेटी प्रकाशाने भरलेली निघेल. पापात गेलेल्या तासाची काळीकुट्ट आणि दुर्गंधीने भरलेली. आणि काही पेट्या अगदी रिकाम्या निघतील. ज्या तासांत माणूस झोपला किंवा कामाचे ना धामाचे असे काही करीत बसला. त्या रिकाम्या पेटीचाही पश्चात्ताप होईल, मोठा नफा हाताशी असून तो हुकलेल्या व्यापाऱ्यासारखा. रात्री मोबाइलवर बोट फिरवीत जाणारे आपले तास काळ्या पेटीत जातात असे मी म्हणणार नाही. परंतु रिकाम्या पेट्यांची रास मोठी होत आहे, हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांनाही दिसते आहे.

व्यापारी वर्षाअखेर, महिन्याअखेर किंवा दिवसाअखेर हिशेब घेतात, असे इमाम साहेब लिहितात आणि माणसाने मात्र तो रोज घ्यावा असे सुचवितात. याचे कारण व्यवहारातले आहे. ज्या दुकानदाराने वर्षभर रोजची नोंद ठेवली नाही, त्याला वर्षाच्या शेवटी वही काढून काय मिळणार? मुहर्रमच्या पहिल्या रात्री बसून मागील वर्ष आठवू गेलो तर मोठी सुखदुःखे आठवतात, लग्ने आणि मयती आठवतात. सफरमध्ये शेजाऱ्याविषयी काय बोललो होतो ते आठवत नाही. याच खंडात रक्का शहरातील एका माणसाची हकीकत आहे. साठ वर्षांचा झाल्यावर त्याने आपल्या आयुष्याचे दिवस मोजले. ते साडेएकवीस हजारांच्या घरात भरले. दिवसाला एकच पाप धरले तरी एवढी पापे घेऊन मालकापुढे उभे राहावे लागणार, आणि दिवसाला एकच कोठे होते, या विचाराने तो किंचाळून कोसळला व गतप्राण झाला.

दंडाविषयी दोन शब्द. बागेत नमाज पढत असताना एका पक्ष्याकडे लक्ष जाऊन नमाजेतले भान सुटले, म्हणून हजरत अबू तलहा (रजि.) यांनी ती संपूर्ण बागच दान करून टाकली. इमाम साहेबांनी अशी उदाहरणे दिली आहेत आणि त्यांबरोबर शरीराला फार कष्ट देणाऱ्या काही बुजुर्गांच्या कथाही दिल्या आहेत. माझ्या मते आपण पहिल्या प्रकारावर थांबावे. ज्या वस्तूने भुलवले ती हातातून सोडणे, चुकलेल्या जमाअतबद्दल सदका देणे, एखादा नफिल रोजा ठेवणे हे आपल्या आवाक्यातले आहे. शरीराला इजा करण्याची परवानगी शरीअत देत नाही.

आता पुन्हा चरित्राकडे येऊ, कारण हिशेब एकदा मांडून संपला असे इमाम साहेबांचे झाले नाही. तूसमध्ये एकांतात वर्षे जात होती. मग सुलतान संजरचे वजीर फख्रुल मुल्क, म्हणजे निजामुल मुल्क यांचे पुत्र, यांनी नैशापूरच्या निजामियात शिकवण्याचा आग्रह धरला. येथे इमाम साहेबांनी दुसऱ्यांदा निय्यत तपासली, आणि या वेळी तपासणीस घेतला तो त्यांचा एकांत. आपण घरात बसलो आहोत ते अल्लाहसाठी, की आता सुखाची सवय लागली म्हणून? लोकांचा त्रास नको म्हणून? कालचा त्याग आजचा आळस होऊ शकतो हे त्यांना दिसले. त्यांनी जाणत्या बुजुर्गांचा सल्ला घेतला आणि हिजरी ४९९ च्या जिल्काद महिन्यात ते नैशापूरला गेले. बगदाद सोडले तोही जिल्कादच होता. मध्ये बरोबर अकरा वर्षे गेली होती, आणि ही मोजणी त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. आपण मागे परतलो असे लोकांना वाटेल, पण पूर्वी आपण प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो आणि आता प्रतिष्ठा सोडावयास लावणारी शिकवतो, असा त्यांनी दोन्ही काळांतील फरक सांगितला.

याच आत्मकथनपर लेखनात ते बगदादच्या दिवसांतील आपली निय्यत उघडी करतात. त्यांच्याच काळातील नैशापूरचे विद्वान अब्दुल गाफिर फारिसी यांना हे परिवर्तन आधी बनावट वाटले होते. पूर्वीचा ताठा, इतरांना तुच्छ लेखणे त्यांनी पाहिले होते. जवळून पारखल्यावर मात्र माणूस खरोखर बदलला आहे अशी त्यांनी साक्ष दिली. घरच्यांची आणि जुन्या ओळखीच्यांची साक्ष मिळणे हे मुहासब्याचे सर्वांत अवघड प्रमाणपत्र असावे.

पुढे विरोधकांनी सुलतान संजरकडे तक्रारी केल्या आणि बोलावणे आले. इमाम साहेबांनी आपल्या प्रतिज्ञेची आठवण देणारे पत्र लिहिले. त्या पत्रात स्वतःच्या बचावापेक्षा तूसच्या रयतेचे दुःख अधिक ठळक आहे. थंडीने आणि पाण्याअभावी धान्य बुडाले, शंभर वर्षांची झाडे मुळासकट वाळली, शेतकऱ्यांच्या घरात काही उरले नाही, आणि सुलतानाच्या घोड्यांच्या गळ्यात सोन्याचे साज आहेत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पीक हातचे जाणे म्हणजे काय हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना या पत्राची किंमत कळेल. जो माणूस एके काळी दरबारात मानासाठी उभा राहिला होता, तोच आता दरबारासमोर शेतकऱ्यांसाठी उभा राहिला.

हिजरी ५०४ मध्ये बगदादच्या निजामियातील तीच जुनी गादी पुन्हा रिकामी झाली आणि त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. त्यांनी नकार कळवला. तूसमध्ये दीडशे विद्यार्थी शिकत आहेत, त्यांना बगदादला जाणे शक्य नाही; आता मुलेबाळे आहेत, त्यांना सोडता येत नाही; आणि बगदादमध्ये गेले की दरबार, वजिफा आणि वादविवाद टळणार नाहीत, त्या तिन्हींविषयी अल-खलील येथे शब्द दिलेला आहे. पंधरा वर्षांपूर्वी सहा महिने झगडूनही सुटत नव्हते ते या वेळी एका पत्रात सुटले.

घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधली होती. वेळ वाटून दिलेला होता : कुरआन पठण, सज्जनांची संगत, अध्यापन. शेवटच्या दिवसांत ते हदीसच्या अभ्यासाकडे वळले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम यांचे वाचन सुरू केले. हदीसशास्त्रात आपली पुंजी कमी आहे, हे हुज्जतुल इस्लाम म्हणवल्या जाणाऱ्या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर मान्य केले आणि पुन्हा विद्यार्थी होऊन बसले.

हिजरी ५०५ च्या जमादिउस्सानी महिन्याची चौदा तारीख, सोमवार. इसवी सन ११११ चा डिसेंबर. त्यांचे बंधू अहमद यांनी त्या सकाळची हकीकत सांगितली आहे. फज्रच्या वेळी इमाम साहेबांनी वजू केला, नमाज अदा केली आणि आपले कफन मागवले. ते हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले, डोळ्यांना लावले, आणि मालकापुढे हजर होण्यास आपण राजी आहोत असे सांगितले. मग पाय किब्ल्याकडे करून ते पहुडले. सूर्य उगवण्यापूर्वी त्यांचा आत्मा निघून गेला होता. मागे मुलगा नव्हता, मुली होत्या. त्यांच्या उदरनिर्वाहापुरते वडिलोपार्जित आणि स्वकष्टाचे थोडे धन होते. लोकांनी अनेकदा पैसे देऊ केले होते. इमाम साहेबांनी ते घेतले नव्हते.